वापरलेली कार्बन सायकल आणि अल्ट्रासाउंड तपासणी : भावाचं गणित कसं बदलेल?

खंबाटकी_चढ

मंडळी, पुण्या-मुंबईकडे वापरलेल्या कार्बन रोड बाइकची खरेदी-विक्री मुख्यतः फेसबुक आणि व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर होते. जाहिरातीतली वाक्यं ठरलेली: नो क्रॅश, सिंगल ओनर, फक्त वीकेंडला चालवली. चेन किती ताणलीय ते चेन चेकर लावला की लगेच कळतं, रिम आउट असेल तर चाक फिरवून दिसतं, बेअरिंग खरखरत असेल तर हाताला लागतं. फ्रेमच्या आतलं मात्र विकणाऱ्यालाच ठाऊक, कधी कधी त्यालाही नाही. म्हणून दीड लाखाची धड सायकल आणि आपटलेली दीड लाखाची सायकल ग्रुपवर जवळपास एकाच भावात फिरतात.

परदेशात कार्बन फ्रेमची अल्ट्रासाउंडने तपासणी करून लेखी रिपोर्ट देणारे लोक आता बरेच आहेत. फोनला जोडायचे थर्मल कॅमेरेही मिळतात. अशी तपासणी आपल्याकडे स्वस्त आणि सहज झाली तर काय होईल, हे जाणकारांकडून समजून घ्यायचं आहे. या यंत्रांना खरोखर काय दिसतं आणि काय दिसत नाही? धड सायकलीचा भाव वाढेल की सगळ्याच जुन्या सायकली संशयाच्या भोवऱ्यात सापडतील? ३०-४० हजारांच्या जुन्या सायकलींना याचा काही उपयोग आहे का? आणि तपासणीचे पैसे कोणी द्यायचे, घेणाऱ्याने की विकणाऱ्याने?

---

पल्स_एको

एनडीटी (वस्तू न मोडता, न कापता आतले दोष तपासणं) हे कामाचं क्षेत्र असल्याने पहिल्या प्रश्नापुरतं लिहितो.

कार्बन फ्रेम म्हणजे इपॉक्सीत मुरवलेल्या धाग्यांचे एकावर एक चढवलेले थर. एक थर साधारण ०.१ ते ०.१५ मिमी. हलक्या फ्रेमची टॉप ट्यूब (वरची आडवी नळी) मध्यावर जेमतेम १ मिमीच्या आसपास असते, बॉटम ब्रॅकेट (पेडलचा आस बसतो ती जागा) आणि हेड ट्यूबपाशी (हँडलखालची उभी नळी) भिंत त्याच्या कितीतरी पट जाड होते. बाजूने ठोका बसला की पुष्कळदा वरचा रंग शाबूत राहतो आणि आतले थर एकमेकांपासून सुटतात. अशी नळी ताण बऱ्यापैकी सोसते, दाब सोसत नाही. सुटलेला पातळ थर दाबाखाली बाहेर फुगतो आणि मोडायला तिथूनच सुरुवात होते. म्हणून 'अजून तर नीट चालते' याला पुरावा म्हणता येत नाही.

नाण्याने टकटक करून ऐकणं ही सर्वात जुनी पद्धत. धड जागी आवाज टणक, सुटलेल्या जागी बद्द. फुकट आहे आणि पातळ नळीवर मोठा दोष पकडतेही. पण भिंतीची जाडी बदलली की आवाज बदलतो, आत केबलची नळी किंवा फोम राहिला असेल तरी बदलतो. बरेच जण डावा आणि उजवा चेनस्टे (बॉटम ब्रॅकेटपासून मागच्या चाकाकडे जाणारी नळी) वाजवून तुलना करतात. पुष्कळ फ्रेममध्ये हे दोन चेनस्टे मुळातच वेगळ्या आकाराचे आणि वेगळ्या जाडीचे असतात, त्यामुळे आवाज वेगळा येणारच. तुलना करायची तर एकाच नळीवर, १०-१५ मिमीच्या टप्प्याने सरकत करावी. आवाज हळूहळू बदलला तर जाडी बदलत असावी. नखाएवढ्या जागेत एकदम बद्द होऊन पुढे लगेच पूर्ववत झाला तर तिथे थांबायचं. माइकने आवाजाचं विश्लेषण करणारी फोनची अ‍ॅपही हेच काम आकड्यांत करतात, मर्यादाही त्याच.

अल्ट्रासाउंडमध्ये सोनोग्राफीला लावतात तसं जेल लावून छोटा प्रोब फ्रेमवर टेकवतात. कार्बनच्या जाडीतून ध्वनी सेकंदाला साधारण ३,००० मीटर वेगाने जातो. भिंत १.२ मिमी असेल तर जाऊन-येऊन २.४ मिमी, म्हणजे ०.८ मायक्रोसेकंद. आतल्या भिंतीवरून येणारा प्रतिध्वनी या वेळेला आला तर थर जोडलेले आहेत. मध्येच, समजा ०.३ मायक्रोसेकंदाला, मोठा प्रतिध्वनी आला आणि मागच्या भिंतीचा गायब झाला, तर ध्वनी थरांमधल्या फटीवरून परत फिरतोय.

इतकं सरळ असूनही चुका होतात, कारण सायकलची भिंत फार पातळ आहे. ५ मेगाहर्ट्झच्या प्रोबची तरंगलांबीच कार्बनमध्ये ०.६ मिमी भरते. जाड पोलादासाठीचा साधा प्रोब इथे वापरला तर त्याचा स्वतःचा सुरुवातीचा ठोका शमायच्या आत प्रतिध्वनी येऊन जातो आणि पडद्यावर नुसता गोंधळ दिसतो. डीले लाइन (प्रतिध्वनी जरा उशिरा यावा म्हणून पुढे बसवलेला तुकडा) असलेला, लहान तोंडाचा, ५ ते १० मेगाहर्ट्झचा प्रोब लागतो. नळीचा बाक तीव्र असेल तिथे प्रोब नीट टेकत नाही. रंगाखाली फिलर जाड असेल तर जाडीचा आकडा फुगतो. शिवाय ही मोजणी बिंदूबिंदूची आहे. प्रोब नेला नाही त्या जागेबद्दल रिपोर्ट काहीच सांगत नाही.

थर्मल कॅमेऱ्याची गंमत वेगळी. पृष्ठभाग हेअर ड्रायरने १०-१५ अंशांनी तापवायचा आणि निवताना बघायचा. खाली फट असेल तर उष्णता आत झिरपत नाही, ती जागा काही क्षण गरम राहते. १ मिमी भिंतीत हा सगळा खेळ दोन-तीन सेकंदांत आटोपतो, आणि फोनचे बरेच थर्मल कॅमेरे सेकंदाला नऊच्या आसपास चित्रंच घेतात, म्हणून व्हिडिओ करून सावकाश बघावा. दोषाची रुंदी त्याच्या खोलीपेक्षा जास्त असेल तरच तो ठळक उठतो. चकचकीत रंगावर तुमच्या हाताचं आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब गरम डाग म्हणून दिसतं; कॅमेरा थोडा तिरपा केला की प्रतिबिंब सरकतं, खरा दोष जागचा हलत नाही. हीट गन लावू नका, रंग फोडाल आणि राळही (धागे धरून ठेवणारं इपॉक्सी) दुखवाल.

माझ्या मते थर्मलने पूर्ण फ्रेम चाळायची आणि संशयाच्या जागी अल्ट्रासाउंड लावायचं, हा क्रम योग्य. नुसत्या थर्मलवर कोणी 'सर्टिफिकेट' देत असेल तर त्याला बॉटम ब्रॅकेटच्या जाड भागाबद्दल विचारा. तिथे त्या कॅमेऱ्याला फारसं काही दिसत नाही.

---

मागणीपुरवठा

भावाबद्दल. आकडे पूर्णपणे धरलेले आहेत, हिशेबाची रीत बघा.

समजा बाजारात एकाच प्रकारच्या १०० सायकली आहेत. ७० धड, प्रत्येकी १,२०,००० च्या लायकीच्या. ३० आतून दुखावलेल्या, ज्यांचे फक्त पार्ट कामाचे, म्हणजे २०,०००. घेणाऱ्याला फरक ओळखता येत नसेल तर तो सरासरी देणार: ९०,०००. धड सायकलवाल्यांपैकी अनेकांना हा भाव परवडत नाही, ते सायकल घरीच ठेवतात किंवा घरातल्याच कोणाला देऊन टाकतात. त्यांतले निम्मे बाहेर पडले की उरतात ३५ धड आणि ३० खराब. आता सरासरी ७४,००० च्या खाली. मग आणखी काही धड सायकली बाहेर. जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० साली जुन्या मोटारींच्या उदाहरणावरून हीच घसरण मांडली होती आणि २००१ च्या अर्थशास्त्राच्या नोबेलमध्ये त्यांचा वाटा होता. आपल्या ग्रुपवर 'चांगल्या सायकली येतच नाहीत' ही जी कायमची तक्रार असते, तिचं मोठं कारण हे आहे.

आता तपासणी आणा, पण अचूक नव्हे. धरा की ती दहातले नऊ दोष पकडते आणि दहातल्या एका धड सायकलीवर उगाच बोट ठेवते. ३० खराबांपैकी २७ सापडल्या, ३ निसटल्या. ७० धडांपैकी ६३ पास, ७ नाहक नापास. पास झालेल्या ६६ मध्ये फक्त ३ खराब आहेत, तेव्हा त्यांची रास्त किंमत सुमारे १,१५,००० बसते. म्हणजे धड सायकल विकणाऱ्याला रिपोर्टमुळे २५,००० जास्त. तपासणीला ४,००० लागले तरी तो आनंदाने देईल.

नापासांकडे मात्र नीट बघा. त्या ३४ मध्ये ७ धड आहेत, सरासरी लायकी ४०,००० च्या वर निघते. बाजार त्यांना बहुधा भंगाराच्या भावात काढेल, आणि त्या सात मालकांवर तो सरळ अन्याय आहे. म्हणून नापास सायकलीची दुसऱ्या पद्धतीने, दुसऱ्या माणसाकडून फेरतपासणी करायची सोय हवीच. पल्सभाऊ, तुम्ही सांगितलेला थर्मल मग अल्ट्रासाउंड हा क्रम इथे पैशाच्या दृष्टीनेही बसतो.

३०-४० हजारांच्या सायकलींचं उत्तर याच हिशेबात आहे. धड सायकल ३५,००० ची, खराब १२,००० ची आणि बाकी सगळं तसंच धरलं तर रिपोर्टने भाव सहा हजारांच्या आत वाढतो. त्यातले ४,००० तपासणीत गेले तर हाती राहतं दोन हजारांहून कमी, वर ने-आण आणि वेळ. त्या थरात तपासणी ५००-७०० रुपयांत होईपर्यंत फरक पडणार नाही. तिथे नाणं, टॉर्च आणि विश्वासाचा मेकॅनिक हेच चालणार.

यापेक्षा दूरचे दोन परिणाम मला जास्त महत्त्वाचे वाटतात. रिपोर्ट सहज मिळू लागला की 'रिपोर्ट नाही' हाच एक रिपोर्ट होतो. आधी १,२०,००० ची धड सायकल असलेला रिपोर्ट काढतो, मग त्याच्या खालचा, मग त्याच्याही खालचा; शेवटी ज्याने काढला नाही त्याच्याबद्दल वाईटच धरलं जातं, मग खरं कारण एवढंच का असेना की त्याच्या गावात तपासणारा नाही. कोल्हापूर किंवा अकोल्यातल्या धड सायकलीला पुण्याच्या सवयीचा दंड बसेल. आणि उलट दिशेने, पुण्यात नापास झालेली फ्रेम जिथे कोणी विचारत नाही तिथे जाईल. बाजार एका जागी स्वच्छ झाला म्हणजे खराब माल नाहीसा झाला असं नाही. नापास फ्रेमवर खूण राहिली नाही तर तो फक्त सरकतो.

---

स्पॅनर_पाच_एनएम

वरचं दोन्ही पटतं, पण तपासणी म्हणजे फक्त नळ्यांची तपासणी असं होऊ नये. मोडल्यावर माणूस तोंडावर पडतो तो भाग बहुतेक रिपोर्टमध्ये नसतो: फोर्कचा स्टीअरर, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या फोर्कची हेड ट्यूबमधून वर येणारी नळी.

स्टेम (हँडल आणि स्टीअरर जोडणारा तुकडा) काढल्याशिवाय स्टीअरर तपासता येत नाही. स्टेम काढा, फोर्क पूर्ण खाली ओढा, ओल्या कपड्याने पुसा आणि टॉर्च आडवा धरून बघा. स्टेमच्या खालच्या कडेपाशी आणि बोल्टच्या उंचीवर आडवी रेघ किंवा दाबलेला वळ दिसला तर तो फोर्क बाद, त्यावर घासाघीस नको. स्टीअररला आतून आधार देणारा एक्स्पांडर प्लग स्टेमच्या उंचीत बसलेला हवा. तो खाली घसरला असेल तर स्टेमने पोकळ नळीच आवळलेली असते. स्टेमवर बहुतेक वेळा ५ एनएम (न्यूटन-मीटर, बोल्ट किती आवळायचा त्याचं माप) छापलेलं असतं. टॉर्क रेंचशिवाय, हाताच्या अंदाजाने आवळलेल्या सायकली आपल्याकडे ढिगाने आहेत, आणि हे नुकसान एकही अपघात न होता होतं. 'नो क्रॅश' खरं असूनही.

नळ्यांवर मार कुठे बसतो तेही ठरलेलं आहे. सायकल पडली की हँडल फिरून टॉप ट्यूबवर आपटतं, स्टेमपासून साधारण वीतभर मागे. साखळी आत पडली की उजव्या चेनस्टेवर, बॉटम ब्रॅकेटच्या लगेच मागे, खरवड होते. गाडीच्या कॅरिअरचा किंवा रिपेअर स्टँडचा जबडा टॉप ट्यूबवर लावला असेल तर दोन्ही बाजूंना समोरासमोर दाब असतो. डाउन ट्यूबच्या (खालची तिरकी नळी) पोटावर दगड उडतात. फ्रंट डिरेलरची (पुढचे गिअर बदलणारा भाग) पट्टी जास्त आवळली असेल तर सीट ट्यूबला (सीटखालची नळी) वर्तुळाकार वळ. रिपोर्टमध्ये एवढ्या जागांची नावं नसतील तर प्रोब कुठे फिरला ते विचारा.

रिम ब्रेकच्या कार्बन चाकांसाठी अल्ट्रासाउंडची वाट बघू नका. आंबेनळी, वरंधा असे लांब घाट ब्रेक धरून उतरले की ब्रेक ट्रॅकची राळ तापून नरम होते आणि टायरच्या दाबाने कडा बाहेर फुगते. डिजिटल कॅलिपरने रिमची बाहेरची रुंदी दर १० सेंमीवर मोजा, टायर भरलेला ठेवून. एखाद्याच ठिकाणी अर्धा मिमी जास्त भरली तर ते चाक घेऊ नका.

मुंबई, कोकण, गोवा इकडची सायकल असेल तर सीटपोस्ट हलतो का ते पैसे द्यायच्या आधी बघा. कार्बन फ्रेममध्ये अ‍ॅल्युमिनियमचा पोस्ट खाऱ्या दमट हवेत गंजून जाम होतो, आणि तो काढण्याच्या खटपटीत फ्रेम जाते. घरात ट्रेनरवर चालवलेल्या सायकलीला घामाचं हेच दुखणं हेडसेट (हेड ट्यूबमधली बेअरिंग) आणि स्टेमच्या बोल्टला होतं. कमी किलोमीटर म्हणजे निरोगी असं समजू नये.

अवांतर: शर्यतींत यूसीआय (सायकलिंगची आंतरराष्ट्रीय संघटना) एक्स-रे लावते तो लपवलेली मोटर शोधायला. काही जण तो दाखला फ्रेमच्या तब्येतीसाठी देतात, त्याचा इथे संबंध नाही.

---

खंबाटकी_चढ

खूप आभार, एवढ्या तपशिलाची अपेक्षा नव्हती. दोन गोष्टी राहिल्या. पैसे कोणी द्यायचे? आणि दुरुस्त केलेल्या फ्रेमचं काय? आज 'रिपेअर्ड' म्हटलं की कोणी हातही लावत नाही, म्हणून विकणारे ते लपवतात आणि वर नवा रंग मारून घेतात.

---

मागणीपुरवठा

विकणाऱ्याने पैसे दिले तर तो आवडणारा रिपोर्ट मिळेपर्यंत तीन ठिकाणी फिरू शकतो आणि दोन नापास रिपोर्ट खिशात ठेवू शकतो. घेणाऱ्याने दिले तर पाच सायकली बघणाऱ्याचे पाचदा पैसे जातात, आणि एकाने नाकारलेली तीच सायकल पुढचा पुन्हा तपासतो. मला पटणारी पद्धत: विकणाऱ्याने भरावेत, पण रिपोर्ट फ्रेमच्या सीरियल नंबरावर कायमचा नोंदला जावा, पास-नापास दोन्ही, आणि तो नंबर टाकून कोणालाही बघता यावा. नंबर बहुधा बॉटम ब्रॅकेटच्या खाली असतो. तो खोडलेला किंवा रंगाखाली गेलेला असेल तर सौदा तिथेच सोडा.

तपासणाऱ्याची फी ठरावीक हवी, विक्रीच्या टक्क्यांत कधीही नको. टक्का असला की सायकल पास होण्यात त्याचा फायदा. जो सायकल विकतो किंवा दुरुस्त करतो त्याच्याचकडून अंतिम तपासणी, यातही तीच अडचण आहे: दुरुस्तीवाल्याला नापास करण्यात काम मिळतं, विक्रेत्याला पास करण्यात.

बहुतेक कंपन्यांची फ्रेमची दीर्घ वॉरंटी पहिल्या मालकापुरतीच असते, हे घेणारे विसरतात. दुसऱ्या मालकाच्या हाती रिपोर्टशिवाय काहीच नसतं, म्हणून त्यात काय लिहिलंय याला एवढं महत्त्व.

---

पल्स_एको

रिपोर्टवर 'ओके' असा शिक्का पुरेसा नाही. त्यात सीरियल नंबरचा फोटो, तारीख, कोणत्या वारंवारतेचा प्रोब वापरला, आणि प्रत्येक जागेची मोजलेली जाडी मिमीमध्ये हवी. उदाहरणार्थ टॉप ट्यूब, स्टेमपासून १५० मिमी, वर, डावी, उजवी, खाली असे चार आकडे. जागा मोजपट्टीसह फोटोत दाखवलेल्या हव्यात, म्हणजे पुढचा माणूस नेमका तिथेच प्रोब ठेवू शकेल. स्टेम, सीटपोस्ट आणि क्रँक काढले होते की नाही तेही लिहिलेलं हवं. न तपासलेल्या जागा वेगळ्या नोंदवाव्यात. रिपोर्ट त्या तारखेचा आहे. दुसऱ्या दिवशी सायकल जिन्यावरून पडली तर त्याची किंमत शून्य. म्हणून पैसे देताना संशयाच्या चार-पाच जागा पुन्हा नाण्याने वाजवून घ्या.

दुरुस्त फ्रेमबद्दल तर या तंत्राने खूप भलं होऊ शकतं. नीट केलेल्या दुरुस्तीत दुखावलेले थर उतरत्या पायरीने घासून काढतात, मूळ दिशेलाच नवे थर चढवतात आणि दाबाखाली, ठरलेल्या तापमानाला पिकवतात. अशी जागा मूळपेक्षा थोडी जाड होते. अडचण अशी की नंतर तपासणाऱ्याला तिथे १.९ मिमी भरलं तर ते बरोबर की चूक हे ठरवायला आधार नसतो. दुरुस्ती करणाऱ्याने काम झाल्याबरोबर, रंग मारायच्या आधी आणि नंतर, त्या जागेची जाडी मोजून ग्राहकाला लिहून द्यावी. मग दोन वर्षांनी तोच आकडा आणि मागच्या भिंतीचा तोच स्वच्छ प्रतिध्वनी आला तर ती दुरुस्ती टिकली, आणि तसं सांगून विकता येईल. आज अशा फ्रेमला भावच नाही, उद्या तिला धड फ्रेमच्या खालचा पण निश्चित भाव मिळेल.

नवी सायकल घेणाऱ्यांनीही हेच करावं. पहिल्या महिन्यातच ठरावीक १५-२० जागांची जाडी मोजून ठेवली तर पुढच्या प्रत्येक तपासणीला तुलनेसाठी स्वतःचा आधार तयार असतो, कंपनीच्या गुप्त आराखड्याची गरज पडत नाही.

---

स्पॅनर_पाच_एनएम

+१. फक्त मोजणी झाल्यावर जेल पूर्ण पुसायला सांगा, विशेषतः हेडसेट, बॉटम ब्रॅकेट आणि केबल आत जातात त्या भोकांपाशी. आणि स्टेम परत बसवताना कार्बन पेस्ट (पकड वाढवणारी खरखरीत पेस्ट) कार्बनच्या हँडलबारला आणि सीटपोस्टला लावायची. स्टीअररला कंपनीने सांगितलं असेल तरच. टॉर्क रेंच तपासणाऱ्याकडे नसेल तर सायकल त्याच्याकडे उघडूच नका.